उसनी वस्ती

गगनबुवांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. एरवी साऱ्या बांधकामावर ते गगनबुवाच. टॉवर क्रेनच्या वरच्या टोकाला काचेची एक केबिन असते बघा, एक माणूस जेमतेम मावेल एवढी. त्या केबिनमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. सकाळी शिडीनं चढायचं, दिवस मावळताना उतरायचं. खाली लोखंड, सिमेंट, घामानं निथळणारी माणसं आणि मुकादमाच्या शिव्या. वर वारा आणि गगनबुवा. खुर्चीच्या दोन्ही हातांशी दोन दांडे असायचे. ते जरा जरा हलवून ते टनावारी माल असा अलगद उतरवायचे, की खालच्या माणसानं नुसतं बोट लावून तो जागेवर बसवावा. या गोष्टीचा त्यांना गर्व होता. का नसावा? माणसाला जे येतं त्याचाच तो गर्व करणार, आणि गगनबुवांना दुसरं काहीच येत नव्हतं.

आता एक अडचणीची गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. वर संडास नसतो. लघवीचं बाटलीवर भागतं, पण दुसऱ्या कामासाठी माणसाला खाली यावं लागतं. एवढी शिडी उतरा, पत्र्याच्या शेडपर्यंत जा, परत एवढी शिडी चढा. तोवर हूक अधांतरी लटकलेला, काँक्रीट बादलीत घट्ट व्हायला लागलेलं, आणि सगळं बांधकाम कमरेवर हात ठेवून वर बघत उभं. मुकादम तर आभाळाकडे बघून हात जोडायचा.

म्हणून क्रेनवाल्यांमध्ये एक सवय असते. ती कुणी शिकवत नाही, एकाचं बघून दुसरा उचलतो. शर्टाच्या खिशात अँटिबायोटिकच्या गोळ्यांचं पाकीट. पोटात जरा गुरगुरलं, टाक एक. काल रात्री बाहेर खाल्लं, टाक एक. उद्या स्लॅब आहे, दिवसभर उतरता येणार नाही, मग आजच टाकून ठेव. कोपऱ्यावरचा औषधवाला काही विचारायचा नाही, आणि गगनबुवा तरी कशाला सांगतात. इतर माणसं बडीशेप खातात तशा ते गोळ्या खायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. गोळी जंतू मारते. जंतू मेले तर आपल्या बापाचं काय जातंय? घरात बायको कधी म्हणालीच, की अहो, दुखत नसताना औषध कशाला, तर ते तिला म्हणायचे, तू जमिनीवर राहतेस, तुला वरचं काय कळणार.

बायको खरंच जमिनीवर राहायची. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर ती दुकानांसाठी कापडी पिशव्या शिवायची. खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या डब्यांत झाडं लावलेली, त्यांच्या मातीत दिवसातून दोनदा तरी हात. तिचं खाणं हा गगनबुवांच्या थट्टेचा कायमचा विषय होता. पालेभाजीचे देठ टाकायची नाही, काकडी सालासकट, डाळी-कडधान्यं तर वाडगा वाडगा, आणि सगळ्यांचं जेवून झालं की भांड्याच्या तळाला जे राहील ते. तुझं पोट आहे की गोदाम, असं ते विचारायचे. ती म्हणायची, गोदाम तर गोदाम, पण कधी कुलूप नाही लागलं. आणि ते खरं होतं. त्या बाईचं पोट बिघडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग यांचं बिघडलं. दाढ सुजली म्हणून दातवाल्यानं जरा तगड्या गोळ्या दिल्या. त्या संपता संपता जुलाब सुरू झाले. गगनबुवांनी सवयीनं खिशातली गोळी टाकली. थांबेना. दोन टाकल्या. मग जे काही सुटलं त्याला जुलाब म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणण्यासारखं. दिवसातून किती वेळा ते मोजायचं त्यांनी सोडून दिलं. अंगात ताप, पोटात पीळ, आणि अशक्तपणा इतका की लुंगीची गाठ मारताना हात थरथरायचे. बायकोनं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा सीटवर आधी प्लास्टिक अंथरलं होतं. रिक्षावाला समजूतदार निघाला, त्यानं आरसा दुसरीकडे वळवला.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि सांगितलं, की एका दांडग्या जातीच्या जिवाणूनं आतड्याचा ताबा घेतलाय. साध्या गोळ्यांना तो दाद देत नाही. त्यांनी त्याच्यासाठीचं खास औषध दिलं. गगनबुवा बरे झाले. औषध संपलं, आणि दुखणं परत आलं. पुन्हा औषध, पुन्हा बरे, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा परतलं तेव्हा बुवांनी हातच टेकले.

त्या महिन्यांमध्ये त्यांचं जग केवढं होतं ते सांगतो. दोन खोल्यांच्या मध्ये एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला संडास. बुवांची खाट बोळातच टाकली होती, कारण खोलीपासूनचं अंतर जास्त पडायला लागलं होतं. ज्या माणसाला वरून सगळं शहर दिसायचं, त्याला आता संडासाच्या दाराची कडी दिसायची. त्या दाराचा रंग कुठे उडालाय, खालच्या फळीला कुठे चीर गेलीय, सगळं पाठ. बायको शिवणयंत्राकडे जायला निघाली की त्यांना पाय पोटाशी घ्यावे लागायचे. एकदा हिंमत करून ते न्हाव्याकडे गेले, तर अर्धी दाढी झालेली असताना, गळ्यात कापड तसंच घेऊन, घरापर्यंत धावत आले. त्यानंतर दाढी वाढली. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला निघाले ते बसथांब्यावरून परत फिरले. लोकांना काय सांगायचं? पाय मुरगळला म्हणून सांगितलं. पाय मुरगळला असं सांगण्यात अब्रू आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

पुढच्या खोलीच्या खिडकीतून, घरांच्या छपरांवर, क्रेनचा लांब हात दिसायचा. आता तिथं दुसराच कुणी बसला होता. गगनबुवा भिंतीला धरून खिडकीपर्यंत यायचे आणि बघायचे. क्रेनचा हात असा हिसके देत फिरायचा, जसं कुणी डाव घालून भांडं ढवळतंय. यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, माल झोके खातोय, जरा थांब, वारा बघ, असं ते काचेशी पुटपुटायचे आणि तेवढ्यात पोटातून बोलावणं आलं की परत बोळात.

मुकादम मात्र शब्दाचा पक्का. त्यानं फोनवर सांगितलं होतं, की नवीन इमारतीची क्रेन उभी राहीपर्यंत तुमची खुर्ची कुणाला कायमची देत नाही, तोवर उठून या. गगनबुवांना दुसरं काहीच नको होतं. बरं व्हायचं ते कशासाठी, तर परत वर जायचं. खाली त्यांना माणसांशी कसं बोलावं तेही धड येत नव्हतं. वर त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि सगळे त्यांचीच वाट बघायचे.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. त्या म्हणाल्या, आता औषधानं भागायचं नाही, कारण खरं दुखणं त्या दांडग्या जिवाणूचं नाहीच, रिकाम्या जागेचं आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून गगनबुवांचा चेहरा पडत गेला. माणसाच्या आतड्यात म्हणे जिवाणूंची एवढी मोठी वस्ती असते, की शहरंच्या शहरं त्यापुढे लहान. आणि ती काही चोरांची वस्ती नव्हे. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, आणि त्यातून जे तयार होतं त्यावर आतड्याचं अस्तर जगतं. काही जीवनसत्त्वं बनवतात. आपल्या शरीराच्या पहारेकरी पेशींना आपला कोण आणि परका कोण हे लहानपणापासून शिकवतात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे ते नुसते जागा अडवून बसतात. सगळी वस्ती भरलेली असली की गुंडाला पथारी पसरायला कोपरा मिळत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं गोळ्या टाकून वस्ती उठवलीत, मग जो गोळ्यांना मरत नाही तो एकटा उरला आणि मालक झाला. आम्ही त्याला औषधानं हाकलतो, पण घर तसंच उघडं राहतं, तो परत येतो.

 गगनबुवांनी विचारलं, "म्हणजे मी आपल्याच माणसांवर गोळ्या झाडत होतो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधारण तसंच.

मग बुवांनी बोट बायकोकडे केलं. ही माझं सगळं करते, तोच संडास वापरते, माझी घाण धुते, मग हिला का नाही झालं? विचारण्यात काळजी होती की तक्रार, ते त्यांनाही ठाऊक नसावं. डॉक्टरीणबाई हसल्या. ही साबणानं हात धुते हे एक. आणि दुसरं म्हणजे, हिच्याकडे जागा रिकामी नाही.

उपाय होता, तो ऐकून मात्र गगनबुवा खुर्चीतून अर्धे उठले. निरोगी माणसाचा शौच घ्यायचा, नीट तपासायचा, गाळायचा, आणि नळीनं यांच्या आतड्यात सोडायचा. त्याच्याबरोबर ती सगळी वस्ती येते आणि राहायला लागते. रक्त नाही का देत एकमेकांना, तसंच. बुवा म्हणाले, रक्त निराळं आणि हे निराळं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, निराळं आहेच, हे रोज फुकट टाकून देतो आपण.

भावाला विचारलं. तो आधी पोट धरून हसला, मग तयार झाला, पण त्यानं नुकत्याच खोकल्यासाठी अँटिबायोटिक घेतल्या होत्या, बाद झाला. राहिली बायको. तिचं रक्त, शौच, सगळं तपासायला गेलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला, आवाजात कौतुक मावत नव्हतं. एवढी छान वस्ती फार दिवसांत पाहिली नाही म्हणाल्या, देण्यासारखीच आहे. फोन ठेवून बायको पुन्हा भाजी निवडायला बसली. गगनबुवा खाटेवरून तिच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं जिला गोदाम म्हणून हिणवलं तिच्या त्या गोदामाच्या दारात हात पसरून उभं राहायची वेळ आली होती.

"मग कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

"जाऊ," ती म्हणाली. "पण एक आहे. बरे झालात की वर जायचं नाही."

बुवांना आधी वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती. भाजीचे देठ एका बाजूला सारत ती अगदी रोजच्या आवाजात बोलत होती. "तुम्ही वर गेलात की काय होणार ते मला दिसतंय. पोटात जरा कळ आली, की खाली सगळी खोळंबणार, म्हणून तुम्ही गोळी टाकणार. मी जे देणार ते तुम्ही महिन्याभरात मारून टाकणार. मारायलाच हवं असेल तर मी देऊ कशाला?"

ते म्हणाले, नाही टाकणार गोळी, शपथ. ती म्हणाली, तुमच्या शपथा मी पाहिल्यात. ते चिडले. नवऱ्याच्या जिवाशी सौदा करतेस, असं म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथं सांगायची गरज नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हात पुसत म्हणाली, "तुम्ही काही महिने या घरात अडकलात तर वेड लागायची पाळी आली तुम्हाला. मी एवढी वर्षं इथंच होते. रोज संध्याकाळी तुम्ही उतरलात की नाही, पडला तर नाहीत, वारा सुटलाय, एवढंच करत होते. मला पुन्हा ते नको." आणि उठून शिवणयंत्राशी जाऊन बसली.

गगनबुवांनी मग अबोला धरला. बोळात राहून अबोला धरणं फार अवघड काम आहे. ती जाताना पाय पोटाशी घ्यावेच लागतात, पाणी मागावंच लागतं, आणि टॉवेल विसरला तर आतून हाकही मारावी लागते. त्यांनी मनाशी हजार हिशेब केले. हो म्हणायचं आणि मग फिरायचं. नाहीतर तसंच राहायचं, मरेपर्यंत, दाराच्या कडीकडे बघत. यातलं एकही धड गिळवत नव्हतं. हो म्हणावं तर खुर्ची जाते, नाही म्हणावं तर जीव. कुणी हातपाय बांधून टाकावं तसं त्यांना वाटायचं, आणि बांधणारीकडेच सोडवण्याची भीक मागायची होती.

शेवटी दुखण्यानंच निकाल लावला. चौथ्यांदा ते असं उलटलं, की बुवा संडासात बसले ते उठताच येईना. डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला डोकं टेकून त्यांनी दारावर थाप मारली. बायको धावत आली. काय होतंय, कडी काढा, ती बाहेरून म्हणत होती. ती कडी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती आणि हात वर जात नव्हता. "नाही जाणार," ते आतून म्हणाले. तिला कळलं नाही. काय म्हणालात, तिनं विचारलं. "वर. नाही जाणार." मग कसाबसा हात उचलून त्यांनी कडी काढली. बायकोनं त्यांना धुतलं, पुसलं, खाटेवर आणून टाकलं, आणि त्या वचनाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

तो सगळा प्रकार दवाखान्यात अगदी साधेपणानं पार पडला. सकाळी बायको एका खोलीत गेली आणि झाकणाचा डबा घेऊन बाहेर आली. नर्सनं तो असा हातात धरून नेला, जसं काही दागिन्याचं काम आहे. दुपारी बुवांना गुंगी देऊन नळी घातली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, झालं? आणि दुसरं, वास आला का हो? नर्स म्हणाली, आजोबा, आम्हाला रोज येतो. आजोबा हा शब्द त्यांना नळीपेक्षा जास्त लागला.

आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, थोड्याच दिवसांत पोट बसलं. एका सकाळी गगनबुवा आत गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. बायको घाबरून दाराशी आली, तर आतून हुंदके ऐकू आले. ती म्हणाली, काय झालं. ते म्हणाले, काही नाही गं, नीट झालं. सगळं नीट झालं. मोठा माणूस संडासात बसून आनंदानं रडतोय, हे हसण्यासारखं आहे, पण ज्यानं हे भोगलंय तो हसणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की नवीन वस्तीला खायला हवं. सालं, देठ, कडधान्यं, फळं, सगळं. आणि न विचारता गोळी नाही, काही झालं तरी. बुवा आता बायकोच्या ताटात वाकून बघायचे आणि तसंच मागायचे. खाट बोळातून खोलीत गेली. अंगावर मांस आलं. दाढी झाली. ते चालायला लागले. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग मंडईपर्यंत, मग बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, केवळ जाता येतंय म्हणून. कुठे संडास आहे ते आधी बघून ठेवायची सवय जायला वेळ लागला, पण गेली.

पण फिरून फिरून माणूस किती फिरेल? कामाच्या वेळी रिकामा फिरणारा पुरुष सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. त्यांची पावलं बांधकामाकडे वळली. मुकादमानं मिठीच मारली. तो नवीन गडी माल आपटतो, कधी येताय, असं विचारलं. गगनबुवांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "मी आत्ता चढेन. पण बायकोनं अडवलंय."

बांधकामावर हशा झाला. गगनबुवांना खाली उतरवायला वादळ लागतं असं वाटायचं, ते बायकोनं उतरवले. बुवाही हसले. आणि काय झालं, की ते वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. न्हाव्यानं विचारलं, बायकोनं अडवलंय. औषधवाल्यानं विचारलं, बायकोनं अडवलंय. वर म्हणायचे, काय करता, तिच्या पोटातलं पोटात घेतलंय ना, ऐकावं लागतं. लोक चुकचुकायचे. एवढा कसबी माणूस आणि घरात कोंडून ठेवलाय. गगनबुवांना त्या चुकचुकण्यात एक प्रकारचं सुख मिळायला लागलं होतं. कोंडलेल्या वाघाला लोक नावं ठेवत नाहीत, पिंजऱ्याला ठेवतात.

फिरत फिरत ते बायकोच्या कानावर गेलंच. शेजारीण पिशव्या न्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, की अगं, पुरुषाचे पंख असे छाटू नयेत, लोक काय काय बोलतायत.  संध्याकाळी गगनबुवा घरी आले तेव्हा बायको यंत्राशी बसली होती, पण शिवत नव्हती.

"जा," ती म्हणाली.

कुठे, त्यांनी विचारलं.

"वर. उद्यापासून जा. अट मी मागे घेतली. मला गावभर जेलर व्हायचं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "गोळी टाकू नका एवढं ऐका. कळ आली तर उतरा, थांबू देत त्यांना. मी डबा करून देईन."

गगनबुवांना त्या रात्री आनंद झाला. निदान त्यांनी तसं ठरवलं. सकाळी कपडे घातले, जुने बूट काढले, हेल्मेट पुसलं. बायकोनं डबा भरून दिला. दारात ती उभी राहिली, आणि सांभाळून असं म्हणायची तिची सवय होती ते म्हणाली नाही. मुकादमाला फोन केला होता. तो नवीन गडी अजून यायचा होता. बांधकामावर फक्त पहारेकरी आणि दोन-चार माणसं.

शिडीचा पहिला दांडा हाताला थंड लागला. ते चढायला लागले. हात-पाय आपोआप चालत होते, शरीर विसरलं नव्हतं. पहिल्या टप्प्यावर जाळीच्या फळीवर ते थांबले, आणि पोटात कळ आली.

छोटीशी होती. कळ म्हणावी इतकीही नव्हती. पण गगनबुवा जागच्या जागी गोठले. हे काय आहे? ते परत आलं का? की तिनं दिलेलं नीट बसलंच नाही? की आहे ते सगळं ठीकच आहे, आणि हा नुसता पोटात आलेला भीतीचा गोळा? त्यांना कळेना. पूर्वी पोटात काहीही झालं तरी त्यांना वर जायचं असायचं. आता पहिल्यांदा त्यांनी खाली बघितलं. पत्र्याची शेड, तिचं दार, तिथपर्यंतचं अंतर. मग वर बघितलं. टप्प्यावर टप्पे, आणि सगळ्यात वर ती काचेची पेटी. तिथं आत बसलोय, आणि पोट आवळलंय, आणि खाली सगळे वर बघतायत, हे त्यांच्या डोळ्यांपुढे असं उभं राहिलं की हात दांड्याला चिकटले. तीच पेटी होती जिथं ते मोकळे असायचे. त्यांनी एक पाय उचलून पाहिला. तो उचललाच जाईना. किती वेळ ते तिथं उभे होते कोण जाणे. मग एक-एक पायरी चाचपत, लहान मूल जिना उतरतं तसे, ते खाली आले. जमिनीवर पाय लागला तेव्हा कळ कुठल्या कुठे गेली होती.

मुकादम हेल्मेट चढवत आला. काय, गेला नाहीत वर? गगनबुवा त्याच्याकडे बघत म्हणाले, "नाही रे. बायको नको म्हणतेय." मुकादमानं कपाळाला हात लावला आणि त्यांच्या पाठीवर थोपटलं. मग तो वॉकी-टॉकीवर दुसऱ्याला बोलावू लागला.

घरी आले तेव्हा बायको झाडांना पाणी घालत होती. तिनं त्यांच्या हातातला डबा बघितला, मग त्यांचा चेहरा.  ते खुर्चीवर बसले आणि बूट काढायचं विसरून बसूनच राहिले. "नाही जमलं," ते म्हणाले. "पहिल्या टप्प्यावरूनच परत आलो. पायच उचलेनात." तिनं तांब्या खाली ठेवला. "आणि मी मुकादमाला सांगितलं, तू नको म्हणालीस."

बायकोचा चेहरा लाल झाला. ती आता बोलणार, आणि आपल्याला ऐकून घ्यावं लागणार, हे गगनबुवांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी मान खाली घातली.  त्यांच्यासमोर उभी राहून तिनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, त्या पांढऱ्या झालेल्या डोक्याकडे, मांडीवरच्या डब्याला घट्ट धरलेल्या हातांकडे. मग तिनं तो डबा त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि आत नेला.

तेवढ्यात दारात शेजारीण आली. पिशव्या न्यायचं निमित्त होतं. तिनं आत डोकावून बुवांना पाहिलं आणि विचारलं, "हे काय, आज जाणार होते ना कामावर?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बायको हात पुसत दाराशी आली आणि शेजारणीला स्पष्ट, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जात होते. मी नाही जाऊ दिलं."